३३ जणांत एकच खराखुरा हुकर: डाव की जुगार?

लाइनआउट (धागाकर्ता):

२०२७ चा रग्बी विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे, २० ऐवजी २४ संघ खेळणार आहेत, आणि जो तो आतापासूनच याद्या काढून बसलाय. कुठल्याही देशाची यादी असो, चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं, "२०२३ ला रासीने केलं तसं करा." हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हा धागा.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२३ ला फ्रान्समध्ये प्रत्येक संघाला ३३ जण न्यायची मुभा होती. दक्षिण आफ्रिकेने (प्रशिक्षक जॅक नीनाबर, पण सूत्रं रग्बी संचालक रासी एरास्मसकडे) चार स्क्रम-हाफ (स्क्रममधून, म्हणजे फॉरवर्डच्या ढकलाढकलीतून, चेंडू काढून देणारे नऊ नंबर) नेले: डी क्लर्क, राइनाख, हेंड्रिक्स आणि ग्रँट विल्यम्स. हुकर (स्क्रमच्या पहिल्या फळीत मधोमध उभा राहणारा आणि लाइनआउटला चेंडू फेकणारा) मात्र दोनच, माल्कम मार्क्स आणि बोंगी म्बोनाम्बी. किक मारणारा फ्लाय-हाफ (डाव चालवणारा दहा नंबर) हँद्रे पोलार्ड, त्याची पोटरी दुखावलेली, त्यामुळे तो मूळ यादीत नव्हता. स्कॉटलंडचा सामना झाला आणि सरावात मार्क्सचा गुडघा गेला. आता हुकर गेला तर हुकर बोलवायचा, एवढं शाळेतलं पोरही सांगेल. यांनी पोलार्ड बोलावला. तिसरा हुकर जोसेफ ड्वेबा घरीच. राहिलेल्या एकमेव हुकरच्या मागे डिऑन फूरी. ३६ वर्षांचा, आणि तेव्हा मुख्यतः फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा खेळाडू).

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत पोलार्डची लांबवरची पेनल्टी, १६-१५. अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११ आणि बाराच्या बारा गुण पोलार्डचे. झालं, रासी द्रष्टा ठरला.

माझं म्हणणं एवढंच की निवड चुकीची होती आणि कप जिंकल्याने ती बरोबर ठरत नाही. अंतिम सामन्यात पहिल्या चारेक मिनिटांतच म्बोनाम्बी गुडघा धरून बाहेर गेला. उरलेला जवळजवळ सगळा सामना फूरी खेळला. त्याचे लाइनआउटचे थ्रो (चेंडू रेषेबाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये फेकायचे) आठवा. हवेत गेलेला प्रत्येक चेंडू बघताना पोटात गोळा येत होता. दुसऱ्या अर्धात आफ्रिकेला एक गुण मिळवता आला नाही. समोरचा संघ सॅम केनच्या रेड कार्डमुळे १४ जणांवर होता, मोउंगाचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक) हुकलं, जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी हुकली. यातलं एक जरी आत गेलं असतं तरी आज आपण "हुकर न नेणारा मूर्ख" असा धागा वाचत असतो.

त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक एडी जोन्सनेही एका जागेवर असाच डाव लावला होता. अनुभवी फ्लाय-हाफ एकही नेला नाही, क्वेड कूपर घरी, सगळी मदार कार्टर गॉर्डनवर. ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदा गटातच बाद. एडीला सगळ्यांनी वेड्यात काढलं. दोघांनी केलं तेच, निकाल उलटे लागले, एवढाच फरक. पटतंय का?

टाइटहेड:

शंभर टक्के सहमत, आणि तुम्ही सौम्य लिहिलंय.

स्क्रमच्या पहिल्या फळीत (दोन प्रॉप, मध्ये हुकर) उभं राहिलेल्या माणसाला हा विषय डावपेचांचा वाटत नाही, तो मानेचा आहे. विंगरची जागा सेंटर भरू शकतो, फार तर ट्राय खाईल. स्क्रममध्ये तसं चालत नाही. म्हणून तर सामन्याच्या २३ जणांत पहिल्या फळीच्या तिन्ही जागांवर प्रत्येकी एक प्रशिक्षित बदली लागतो.

नसला की काय होतं ते इटलीला विचारा. फेब्रुवारी २०२२, सिक्स नेशन्स, डब्लिन. इटलीचा हुकर लुकेसी सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर. बदली हुकर फाइवा आला आणि विसाव्या मिनिटाच्या आत रेड कार्ड घेऊन गेला. तिसरा हुकर नाही, म्हणून रेफ्रीने बिनझुंजीचे (ढकलाढकली नसलेले) स्क्रम पुकारले. नियम असा की ज्याच्या जाण्याने ही वेळ आली त्याची जागा भरता येत नाही. म्हणजे रेड कार्डचा एक गेलाच, वर आणखी एक. इटली तासभर १३ जणांनी खेळली. आयर्लंड ५७, इटली ६. समालोचकांनाही नियम समजावता समजावता घाम फुटला होता.

आता अंतिम सामन्यातला तो पाऊस डोळ्यांसमोर आणा. फूरीचा घोटा मुरगळला असता तर? बेंचवर मागे कोण होतं? फ्लँकर क्वाग्गा स्मिथ? आफ्रिकेचं सगळं बळ स्क्रममध्ये. बिनझुंजीचे स्क्रम म्हणजे वाघाचे दात काढून त्याला रिंगणात सोडणं.

आणि इंग्लंडविरुद्धची ती प्रसिद्ध पेनल्टी पोलार्डने मारली हे खरं, पण मिळवली कुणी? बदली प्रॉप ऑक्स न्चेने, स्क्रममध्ये. पोस्टर मात्र पोलार्डचं.

मधुरा_१५:

दोघांचंही वाचलं. टाइटहेड, तुमच्या मानेबद्दल आदर आहे, पण गणित चुकतंय.

सामन्याच्या २३ जणांत हुकर किती असतात? दोन. एक सुरुवातीला, एक बेंचवर. ड्वेबाला बोलावलं असतं तरी अंतिम सामन्यात म्बोनाम्बी आणि आणखी एक, असे दोघेच असते. म्बोनाम्बी चौथ्या मिनिटाला गेला की मागे एकच उरणार होता, फूरी असो वा ड्वेबा. तुम्ही रंगवलेलं संकट जसंच्या तसं उभं राहिलं असतं. इटलीने तरी काय वेगळं केलं होतं? दोन हुकर होतेच की त्यांच्याकडे.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की बेंचवर फूरी बरा की ड्वेबा. इथे धागाकर्त्यांनी एक गोष्ट सोयीने वगळली. फूरी हा काही हौसेने थ्रो शिकलेला फ्लँकर नव्हे. स्टॉर्मर्सकडे आणि पुढे फ्रान्समध्ये त्याने कित्येक मोसम हुकर म्हणून काढलेत. थ्रो चुकले, मान्य. पण जवळपास पूर्ण सामना हुकर म्हणून खेळून वर फ्लँकरसारखे रक (पडलेल्या चेंडूवरची झटापट) मारायचे, हे ड्वेबाकडून झालं असतं का?

आता दुसरी बाजू. पोलार्ड का हवा होता? आयर्लंडविरुद्धचा गटातला सामना बघा. ८-१३ ने हरले आणि फ्लाय-हाफ लिबॉक व डी क्लर्क यांनी किकमध्ये मिळून ११ गुण घालवले. पोलार्डला बोलावलं ते या सामन्याच्या आधी! म्हणजे दुखणं कुठे आहे हे त्यांना आधीच दिसत होतं. लिबॉकचा हात आणि पाय खेळत्या चेंडूवर जादू करतो, टीवर (किकसाठी जमिनीवरच्या छोट्या आधारावर) ठेवलेल्या चेंडूवर मात्र भरवसा नव्हता. विश्वचषकाचे बाद सामने एक-दोन गुणांनी सुटतात. उपांत्यपूर्व २९-२८, उपांत्य १६-१५, अंतिम १२-११. तिन्ही एका गुणाने! अशा स्पर्धेत किकर हा चैनीचा खेळाडू आहे का?

तुम्ही म्हणता निकालावरून निवड तोलू नका. बरं. मग थ्रो चुकल्याचा निकालही बाजूला ठेवा ना. आपल्याला हवा तेवढाच निकाल उचलायचा, हे बरं आहे.

निवांत:

मधुराताईंनी धागाच गुंडाळला. 😄

लाइनआउट (धागाकर्ता):

इतक्यात नाही गुंडाळत.

मधुरा, २३ जणांचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो एका सामन्यापुरता. ३३ ची यादी सात सामन्यांसाठी असते. मार्क्स गेला सप्टेंबरच्या मध्यावर, अंतिम सामना २८ ऑक्टोबरला. मधल्या काळात आयर्लंड, फ्रान्स, इंग्लंड, न्यूझीलंड, प्रत्येक मोठ्या सामन्यात सुरुवात म्बोनाम्बीनेच केली, कारण दुसरं कुणी नव्हतंच. ही जागा अशी की माणूस सहसा पन्नास-पंचावन्न मिनिटांनी बदलायचा असतो. आणि अंतिम सामन्याच्या आठवड्यात त्याच्यावर मैदानातल्या कथित शेरेबाजीची चौकशी सुरू होती. पुरेसा पुरावा नाही म्हणून वर्ल्ड रग्बीने ती सामन्याच्या दोनच दिवस आधी बंद केली. निर्णय उलट गेला असता तर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फूरी सुरुवातीला आणि बेंचवर मार्को व्हॅन स्टाडेन, म्हणजे आणखी एक फ्लँकर. हे रासीला आवडलं असतं?

आयर्लंडने काय केलं बघा. शीहन, केलेहर, हेरिंग, तीन हुकर नेले. शीहनचा पाय सरावाच्या सामन्यात दुखावला, तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही. तो बरा होईपर्यंत बाकी दोघांनी गाडा ओढला.

मधुरा_१५:

आणि आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीतच घरी गेली. (चिडू नका, निकालावरून तोलायचं नाही हे लक्षात आहे.)

जुना_वॉलबी:

एडीचं नाव आलंय म्हणून लिहितोय. त्या संघावर जीव टाकणारे आम्ही थोडेच उरलोय.

धागाकर्ते म्हणतात दोघांनी एकच केलं. अजिबात नाही. रासीने ३३ तला एक कोपरा रिकामा ठेवला. एडीने कणाच काढून घेतला. मायकल हूपर नाही, क्वेड कूपर नाही, बर्नार्ड फोली नाही. कर्णधार विल स्केल्टन, तो आणि टानिएला टुपोऊ दोघेही फिजीच्या सामन्याआधी सरावात जायबंदी. आता त्या संघात बावरलेल्या पोरांना ओरडून जागेवर आणणारा कोण उरला? फिजीकडून १५-२२. फिजीने ऑस्ट्रेलियाला त्याआधी हरवलं होतं ते १९५४ साली! मग वेल्सकडून ६-४०. ल्योंची ती रात्र मी शेवटपर्यंत बघितली, का ते विचारू नका.

पण "फ्लाय-हाफ एकच होता" हे जे सगळे घोकतात ते अर्धसत्य आहे. बेन डोनाल्डसन मुळात दहा नंबरचाच. जॉर्जियाविरुद्ध त्याला फुलबॅकला खेळवलं आणि त्याने २५ गुण काढले. वेल्सविरुद्ध तोच दहा नंबरला होता. म्हणजे जागेला माणूस होता. नव्हता तो अनुभव. याद्या वाचताना लोक जागा मोजतात, हुकर किती, प्रॉप किती. त्या ३३ मध्ये हरत असताना डोकं थंड ठेवणारे किती, हे कुणी मोजत नाही. माझ्या मते निवडीत तोच रकाना आधी भरावा.

एडीची बाजू मांडणारे म्हणतील की तो २०२७ साठी पोरं घडवत होता. अहो, मग घडवायला थांबायचं होतं ना. स्पर्धा संपली आणि हा राजीनामा देऊन मोकळा.

सोळावा_खेळाडू:

जुना वॉलबी, जखम अजून ओली दिसतेय.

पण एक सांगा, हूपर तेव्हा पोटरीच्या दुखापतीतून उठत होता. पोलार्डही पोटरीच्याच. एकाला न घेतल्याबद्दल एडी खलनायक, दुसऱ्याला मूळ यादीत न घेतल्याबद्दल रासी शहाणा? रासीने पोलार्डला आधी बाहेरच ठेवला होता, हे या धाग्यावर सगळे विसरलेत. मार्क्सचा गुडघा गेला नसता तर पोलार्डने विश्वचषक टीव्हीवर बघितला असता. याला योजना म्हणायचं?

नऊनंबरी:

मला आश्चर्य वाटतं की चार स्क्रम-हाफवर कुणीच बोललं नाही. खरी चैन ती होती.

चार! तीन नेणारेसुद्धा नेताना दोनदा विचार करतात. समर्थक म्हणायचे, अहो ग्रँट विल्यम्स विंगलाही खेळतो, आणि रोमानियाविरुद्ध खेळवलाही. ठीक. पण अंतिम सामन्याचा बेंच आठवा. सात फॉरवर्ड (स्क्रममधले) आणि एक बॅक (मागच्या फळीतला), तो एक म्हणजे विली ल रू. राखीव स्क्रम-हाफ शून्य. चार नऊ नंबर घेऊन फ्रान्सला जायचं आणि शेवटच्या सामन्यात डी क्लर्क एकटा. लग्नाला चार आचारी बोलावून पंगतीच्या दिवशी तिघांना सुट्टी दिल्यासारखं झालं.

त्यातला एक कमी करून पहिल्याच दिवशी तिसरा हुकर नेला असता तर हा धागाच निघाला नसता. पोलार्डही मार्क्सच्या जागी आलाच असता. दोन्ही हौशी भागल्या असत्या.

मधुरा_१५:

हे मात्र पटलं. चौथ्या स्क्रम-हाफचं समर्थन मलाही जमत नाही.

तरी एक मुद्दा. अनेक जागा सांभाळणारा खेळाडू घेतला की जे मिळतं ते कागदावर दिसत नाही. इंग्लंड बघा. त्यांचा प्रशिक्षक बोर्थविकने खास नंबर आठ (स्क्रमच्या अगदी मागचा) असा एकच नेला, बिली व्हुनिपोला. डॉम्ब्रांड घरी. सगळ्यांनी झोडपला. बिलीला सरावाच्या सामन्यात रेड कार्ड मिळालं आणि पहिल्या सामन्याला तो बंदीत. नाइलाजाने बेन अर्ल आठ नंबरला उभा राहिला, आणि स्पर्धा संपेपर्यंत इंग्लंडचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. दुसरा खास नंबर आठ नेला असता तर अर्ल बेंचवरच राहिला असता.

टाइटहेड:

अर्ल फ्लँकर होता, नंबर आठला गेला. शेजारची खोली. हुकरचं तसं नाही हो.

आणि इंग्लंडचंच उदाहरण घ्यायचं तर पुरतं घ्या. फ्लाय-हाफ त्यांनी तीन नेले, फॅरेल, फोर्ड, मार्कस स्मिथ. तेव्हा लोक म्हणाले एवढे कशाला. फॅरेलला बंदी लागली, पहिले दोन सामने बाहेर. अर्जेंटिनाविरुद्ध टॉम करी तिसऱ्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन गेला. आणि जॉर्ज फोर्डने तीन ड्रॉप गोलांसह सगळेच्या सगळे २७ गुण काढले, २७-१०. जास्तीचा माणूस वाया जात नसतो. तो वापरायची वेळ येऊ नये अशी प्रार्थना करायची असते, बस.

परदेशस्थ:

मुळात ३३ कोण यावर एवढं भांडताय, पण काही देश आपल्या निम्म्या खेळाडूंना यादीच्या दारातही उभं करत नाहीत त्याचं काय? न्यूझीलंड देशाबाहेर खेळणाऱ्याला घेत नाही. मोउंगा त्या विश्वचषकानंतर जपानला गेला आणि दार बंद. इंग्लंडचंही तेच, अपवादात्मक परिस्थिती सोडून. वॉस्प्स क्लब बुडाला म्हणून टुलूझला गेलेल्या जॅक विलिसला २०२३ पुरती सूट मिळाली. ऑस्ट्रेलियाने २०१५ ला देशाकडून ६० सामने खेळल्याची अट घालून दार किलकिलं केलं, जिटो आणि ड्रू मिचेल परतले, संघ अंतिम सामन्यात. आफ्रिकेने तर दार सताड उघडलं. जपानमधला डी क्लर्क, इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबचा पोलार्ड. एवढंच काय, अंतिम सामन्याच्या बेंचवरचा जाँ क्लाइन २०१९ चा विश्वचषक आयर्लंडकडून खेळलेला! नियम बदलला, तीन वर्षं थांबला, जन्मभूमीकडून खेळला.

लाइनआउट (धागाकर्ता):

परदेशस्थ, विषय मोठा आहे, त्याला वेगळा धागा काढा, मी येतो. तरी न्यूझीलंडबद्दल एक. २०११ ला याच बंद दारामुळे त्यांच्यावर काय वेळ आली होती! कार्टर किकच्या सरावात जायबंदी, मग स्लेड, मग अंतिम सामन्यात क्रुडन. चौथा फ्लाय-हाफ स्टीफन डोनाल्ड, जो बोलावणं आलं तेव्हा नदीवर मासे पकडत होता. घट्ट जर्सी पोटावरून ओढत आला आणि पेनल्टी मारून गेला. ८-७.

सोळावा_खेळाडू:

म्हणजे बघा, तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा पडला. कितीही माणसं न्या, चौथा कुणी नेत नाही. शेवटी फोन कुणाला लागतो यावरच कप ठरतो.

लाइनआउट (धागाकर्ता):

पडला कसा? न्यूझीलंडने फ्लाय-हाफ गेला तेव्हा फ्लाय-हाफच बोलावला. दोन्ही वेळा. हुकर नाही बोलावला!

मधुरा_१५:

बरं, टीका पुष्कळ झाली. २०२७ ला ३३ च धरू. नावं नकोत, तुमच्या आदर्श यादीत कुठल्या जागेला किती ते लिहा. मग आम्ही झोडपतो.

लाइनआउट (धागाकर्ता):

घ्या. प्रॉप सहा, हुकर तीन, लॉक (दुसरी फळी) चार, बॅक-रो (फ्लँकर आणि नंबर आठ) सहा, झाले १९. स्क्रम-हाफ तीन, फ्लाय-हाफ दोन, सेंटर चार, विंग आणि फुलबॅक मिळून पाच. १४. एकूण ३३.

टाइटहेड:

प्रॉप सहाच? तीन लूजहेड (डावे प्रॉप), तीन टाइटहेड (उजवे), त्यात एकाचा खांदा सरकला की रोजच्या सरावात स्क्रम कुणाविरुद्ध मारणार? सात. लॉक चारऐवजी तीन, चौथा ब्लाइंडसाइडवाला फ्लँकर घ्या जो लाइनआउटला उडी मारतो.

लाइनआउट (धागाकर्ता):

वा! म्हणजे स्वतःच्या जागेवर एक जास्त, आणि दुसऱ्याच्या जागेवर "कुणीतरी सांभाळेल". रासी तरी दुसरं काय म्हणाला होता?

नऊनंबरी:

फ्लाय-हाफ दोनच? एकाला सरावाच्या सामन्यात बंदी लागली, दुसऱ्याची पोटरी भरली, मग? २०२३ ला फिजीचा मुंट्झ पहिल्या सामन्याच्या तोंडावर सरावात गुडघा घेऊन बसला आणि वेल्सकडून २६-३२ ने हरले. तो असता तर, हे फिजीवाले अजून म्हणतात. नंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध किक मारायला स्क्रम-हाफ कुरुवोली उभा राहिला म्हणून निभावलं.

तेव्हा तुमच्या तीन स्क्रम-हाफ आणि चार सेंटरपैकी टीवर चेंडू ठेवून मारता येणारा एक तरी आहे का, ते आधी सांगा. मग तिसऱ्या हुकरचं बोलू.